पॉन्टून बोट: हिवाळ्याआधीची कामं, ट्यूबमधलं पाणी आणि बोटीवर काय काय असावं

काठावरचा:

नमस्कार मंडळी.

मिनेसोटात येऊन चौदा वर्षं झाली. त्यातली शेवटची तीन पॉन्टून बोटीच्या संगतीत गेली. बोट कशी राखायची, तिच्यावर काय ठेवायचं, यावर मराठीत वाचायला मिळालं नाही, म्हणून जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो. माझे दोन प्रश्नही आहेत, ते शेवटी विचारतो.

ज्यांनी पॉन्टून पाहिली नसेल त्यांच्यासाठी: ॲल्युमिनियमची दोन लांब, बंद नळकांडी, म्हणजे ट्यूब (कधी तीन), त्यांवर आडवे चॅनेल (धातूचे वासे), चॅनेलवर प्लायचा सपाट डेक, कडेनं कठडा, आत सोफ्यासारख्या बैठका आणि मागे आउटबोर्ड इंजिन. मूळ कल्पना इथलीच. मिनियापोलिसपासून दीडेक तासावर रिचमंड नावाचं छोटं गाव आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्यानं पोलादी पिंपं एकमेकांना जोडली, वर लाकडी तक्ता टाकला आणि तो तलावात सोडला. आज इथल्या तलावांवर दर दुसऱ्या धक्क्याला पॉन्टून बांधलेली दिसते.

मी घेतली ती बाबांमुळे. दर उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून येतात. बाबांचे दोन्ही गुडघे बदललेले. साध्या मोटरबोटीत पाय उंच उचलून उतरावं लागतं आणि बोट डुलते, त्यामुळे ते काठावरच खुर्ची टाकून बसायचे. पॉन्टूनचा डेक धक्क्याच्या पातळीला असतो. पहिल्या दिवशी बाबा काठी टेकत चालत थेट आत गेले, बैठकीवर बसले आणि म्हणाले, "ही तर आपल्या ओसरीसारखी आहे." त्या दिवशी मी ठरवलं की ही बोट नीट सांभाळायची.

आणि पहिल्याच वर्षी चुकलो.

बोट २००६ सालची, २२ फुटी, २५ इंच व्यासाच्या दोन ट्यूब, ९० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन. मिनेटोंका तलावावर भाड्याची जागा आहे, तिथे ती मे ते ऑक्टोबर पाण्यातच असते. पहिल्या ऑक्टोबरात बाहेर काढली, धुतली, ताडपत्री घातली आणि घराशेजारी उभी केली. इंजिनाच्या खालच्या भागातलं, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या गिअरकेसमधलं तेल बघितलंच नाही. बोट विकणारा म्हणाला होता की आत्ताच बदललंय. एप्रिलमध्ये ताडपत्री काढली तर खाली काँक्रीटवर तेलाचा डाग आणि गिअरकेसच्या बुडाला केसासारखी बारीक चीर.

मेकॅनिकनं प्रोपेलर काढून दाखवलं. शाफ्टला मासेमारीची तंगूस गुंडाळलेली होती, फिकट हिरवी, उष्णतेनं वितळून सीलच्या कडेत रुतलेली. तिनं सील कापलं, उन्हाळाभर थेंब थेंब पाणी आत गेलं आणि जानेवारीत उणे तीस अंशांत त्या पाण्याचा बर्फ होऊन कास्टिंग फुटलं. नवीन लोअर युनिटला, म्हणजे इंजिनाच्या या अख्ख्या खालच्या भागाला, दोन हजार डॉलरच्या वर गेले. तेल तपासायला लागला असता अर्धा तास.

तेव्हापासून ऑक्टोबरच्या कामांना सुरुवात गिअरकेसपासूनच. खालचा स्क्रू किंचित सैल करायचा आणि पहिले चार थेंब बोटावर घ्यायचे. पाणी तेलाहून जड, त्यामुळे आत असेल तर तेच आधी येतं. तेल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं निघालं तर सील गेलंय असं समजायचं आणि दुरुस्तीआधी बोट हिवाळ्यात उभी करायची नाही. स्वच्छ असलं तरी बदलायचं. नवीन तेल खालच्या भोकातून पंपानं वर चढवायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय वाहू लागलं की आधी वरचा स्क्रू बंद करायचा, मग खालचा. दोन्ही स्क्रूंचे वायसर दर वेळी नवीन घालायचे. प्रोपेलरही दर वर्षी काढून शाफ्ट बघायचा, शाफ्टला ग्रीस लावायचं.

इंजिन ऑइल आणि फिल्टर मी आता वसंतात नाही, शरदातच बदलतो. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते, ती सहा महिने बेअरिंगवर बसू द्यायची नाही. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल साठवणीत खराब होऊ न देणारं द्रव्य) टाकून इंजिन दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. घरी चालवताना पाण्याच्या पाइपला जोडलेले 'मफ' (इंजिनाच्या पाणी ओढायच्या भोकांवर बसणाऱ्या रबरी वाट्या) लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, कारण पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की काही सेकंदांत जळायला लागतो. मिनेसोटात बोटींसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल मिळतं, थोडं महाग आहे, पण शेवटची टाकी मी त्याचीच भरतो. मग इंजिन सरळ उभं ठेवायचं, तिरकं नाही, म्हणजे आतलं पाणी आपोआप गळून जातं. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करून ठेवायची. पूर्ण चार्ज बॅटरी इथल्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र गोठून फुटते.

धुणं त्याच दिवशी, ट्यूब ओल्या असतानाच. उन्हाळाभर पाण्यात राहून पाण्याच्या रेषेवर शेवाळ आणि चुन्याचा तपकिरी पट्टा बसतो. ओला असताना प्रेशर वॉशरनं बराचसा निघतो, दोन दिवस वाळला की दगड. मिनेटोंकात २०१० साली झेब्रा शिंपले सापडले, तेव्हापासून तेही ट्यूबला, इंजिनाच्या कंसाला चिकटतात. इथल्या कायद्यानुसार बोट रस्त्यावर आणायच्या आधी सगळं गवत-शिंपले काढावे लागतात, पाणी पूर्ण सोडावं लागतं आणि ड्रेन प्लग (पाणी सोडायचं बूच) काढूनच गाडी चालवावी लागते.

आता प्रश्न.

१. यंदा ऑगस्टपासून बोट उजवीकडे दोनेक इंच कलते. सामान हलवून पाहिलं, फरक नाही. ट्यूबमध्ये पाणी आहे का, हे खात्रीनं कसं ओळखायचं? असेल तर कुठून शिरतंय ते कसं शोधायचं?

२. बाजूच्या फाटकाजवळचा डेक पायाखाली दबतो. व्हाइनिलखालचा प्लाय कुजलाय असं वाटतं. दुकानातला साधा ट्रीटेड प्लाय घालू का? मरीन प्लाय (बोटींसाठीचा) बराच महाग आहे.

हुरॉनकाठ:

मिशिगनहून लिहितोय, ही माझी दुसरी पॉन्टून. आधी प्रश्न १.

बोट पाण्यातून काढल्या काढल्या, ट्रेलरवर असतानाच, दोन्ही ट्यूबच्या बुडावर बोटांच्या गाठींनी ठोकत पुढून मागे जा. रिकामी ट्यूब पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, पाणी असेल तिथे आवाज बद्द होतो. डावी-उजवी आलटून पालटून ठोका, कानाला फरक लगेच कळतो. थंड सकाळ असेल तर आणखी सोपं: पाणी असलेल्या भागावर बाहेरून दव वेगळं धरतं, अगदी पातळीची रेघ दिसते.

तुमच्या व्यासाच्या ट्यूबमध्ये एक फूट लांबीत २१० पौंडांच्या आसपास पाणी मावतं. त्यामुळे दोन इंच कल म्हणजे लहान गोष्ट नाही. बोट बुडत नाही, कारण ट्यूब आतून आडव्या पडद्यांनी खणाखणांत विभागलेली असते आणि एक खण भरला तरी बाकीचे तरंगते ठेवतात. पण हे पाणी तसंच हिवाळ्यात जाऊ दिलंत तर गिअरकेसचं जे झालं तेच ट्यूबच्या जोडांचं होईल.

गळती शोधायला हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. इथे कळकळीनं सांगतो: दोन पीएसआयच्या (दर चौरस इंचाला दोन पौंड दाबाच्या) पुढे जाऊ नका आणि गॅरेजचा कॉम्प्रेसर रेग्युलेटरशिवाय लावू नका. तीन पीएसआय ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण २५ इंच व्यासाच्या टोकाच्या टोपीवर त्याचा जोर सुमारे १,४७० पौंड होतो. सायकलचा हातपंप आणि कमी दाबाचा गेज पुरे. बुडबुडे धीरानं बघा, काही भोकं इतकी बारीक असतात की फेस उमटायला मिनिटभर लागतो.

आणि ट्यूबमध्ये फुगणारा फोम भरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फोम पाणी धरून ठेवतो, आतून धातू सडतो आणि पुढे वेल्डिंग करायचं म्हटलं तर तो पेटतो.

धातूवाला:

पुण्यात धातूशास्त्र शिकलो, आता गंज हाच पोटापाण्याचा विषय आहे. बोट माझ्याकडे नाही, पण प्रश्न २ वाचून राहवलं नाही.

साधा ट्रीटेड प्लाय घालू नका. कृपा करून नका. लाकूड कुजू नये म्हणून त्यात जी रसायनं दाबून भरतात त्यांत तांबं असतं. तुमच्या डेकखाली ॲल्युमिनियमचे चॅनेल आहेत. प्लाय ओला झाला की तांब्याचे क्षार ॲल्युमिनियमवर उतरतात आणि जिथे प्लाय टेकतो तिथे धातूला खड्डे पडत जातात, बुरशी लागल्यासारखी पांढरी भुकटी दिसते. अलीकडच्या ट्रीटमेंटमध्ये पूर्वीपेक्षा तांबं जास्त असतं, म्हणजे धोकाही जास्त. प्लाय दहा वर्षं टिकेल, पण खालचा सांगाडा जाईल, आणि सांगाडा गेला की बोट गेली. पाऊण इंची मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडांना आणि भोकांना इपॉक्सी पाजा. पाणी कडेतूनच शिरतं, पृष्ठभागातून नाही. बोल्ट स्टेनलेसचे, आणि स्टेनलेस जिथे ॲल्युमिनियमला टेकतं तिथे मधे नायलॉनचा वायसर किंवा गंजरोधक पेस्ट.

याच तत्त्वाची दुसरी गोष्ट. इंजिनाच्या कंसावर धातूची एक चकती असते, ॲनोड. ती स्वतः झिजते आणि बाकीचं ॲल्युमिनियम वाचवते. तुमची कसली आहे? जस्ताची असेल तर गोड्या पाण्यात तिच्यावर एक कवच चढतं आणि ती काम करेनाशी होते. गोड्या तलावासाठी मॅग्नेशियम, समुद्रासाठी जस्त, खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. ॲनोडला रंग कधीही देऊ नका. आणि तीन वर्षांत ती जशीच्या तशी राहिली असेल तर ती चांगली खूण नाही.

काठावरचा:

धातूवाला, आत्ताच टॉर्च घेऊन जाऊन बघून आलो. चकती जस्ताची आहे, वर खडूसारखा थर आणि कडा जशाच्या तशा धारदार. आधीच्या मालकानं कुठून तरी समुद्राची लावलेली दिसते. मला वाटत होतं, झिजली नाही म्हणजे उत्तम. मॅग्नेशियमची मागवतो. प्लायचंही पटलं.

धातूवाला:

अजून एक तपासा. धक्क्यावर विजेची जोडणी आहे का? बॅटरी चार्जर रात्रंदिवस लावून ठेवत असाल किंवा शेजारच्या बोटीचा लागलेला असेल, तर पाण्यातून भटकी वीज फिरते आणि ॲनोड एका मोसमात संपू शकतो, मग पाळी ट्यूबची. चार्ज झालं की प्लग काढा.

आणि ट्यूब चमकवायला जी ॲसिडची द्रावणं मिळतात, त्यांच्या मागचं लेबल वाचून घ्या. हायड्रोफ्लोरिक असेल तर हात लावू नका, ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. पांढरा व्हिनेगर अर्धं पाणी घालून मारा, पंधरा मिनिटांनी घासा. वेळ लागतो, पण चुन्याचा पट्टा जातो. हे काम गवतावर करा, तलावाच्या काठी नको.

रानजाई:

आम्ही मॅडिसनला, विस्कॉन्सिन. दोन मुलं, सात आणि चार वर्षांची. इंजिनाचं सगळं तुम्ही सांगितलंत, मी बोटीवर काय असावं त्याबद्दल लिहिते, आणि पहिली गोष्ट विकत घ्यायची नाहीच आहे. ती म्हणजे पुढचं फाटक.

पॉन्टूनला पुढे फाटकाच्या बाहेर दीड-दोन फूट डेक असतो. मुलांना तिथे बसून पाय पाण्यात सोडायचे असतात आणि मोठ्यांनाही त्यात काही वाटत नाही. बोट चालू असताना तिथून माणूस पडला तर तो दोन ट्यूबच्या मधे पडतो आणि बोट त्याच्यावरून पुढे जाते. मागे प्रोपेलर असतो. चालवणारा वेग कमी करेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. आमच्याकडे नियम एकच: फाटकाची कडी लागल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि कडी उघडायची असेल तर आधी किल्ली बंद. पाहुणे कितीही जवळचे असोत, सासरचे असोत, माहेरचे असोत, हे मी चढतानाच सांगते. सुरुवातीला संकोच वाटायचा, आता वाटत नाही.

मागच्या शिडीचंही तेच. कोणी पाण्यात असेल तर इंजिन बंद, नुसतं न्यूट्रलला नाही. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणी बसायचं नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो. त्याला वास नसतो.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला एक, मापाचं. मुलांचं माप वजनावर असतं आणि ते दर वर्षी बदलतं. घालून झालं की मी दोन्ही खांदे धरून जॅकेट वर उचलते, हनुवटी आत गेली तर ते मोठं आहे. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीवर ते घातलेलंच असावं लागतं. १६ फुटांवरच्या बोटीवर फेकता येईल असं एक तरंगतं साधनही लागतं, ते बैठकीच्या खोक्यात तळाशी ठेवून उपयोग नाही, चालवणाऱ्याच्या हाताशी हवं.

किल-स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. फेडरल कायद्यानं १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर ती वापरणं बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवा: चालवणारा पडला आणि बोट गोल फिरत परत त्याच्यावर आली, असं होऊ नये म्हणून ती दोरी आहे.

हुरॉनकाठ:

रानजाई, फाटकाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. त्याला जोडून: वजन. सूर्यास्त बघायला सगळे एकदम पुढे येतात आणि त्याच वेळी मोठ्या बोटीची लाट येते. पुढचा भाग खाली गेलेला असतो, लाट डेकवर चढते. घाबरून थ्रॉटल (वेगाचा दांडा) झटक्यात मागे ओढला तर नाक आणखी खाली जातं. लोकांना मागे बोलवा, वेग हळूहळू कमी करा आणि लाट थोडी तिरकी घ्या.

नांगराचंही सांगतो. पॉन्टूनचा कठडा आणि छत वारा धरतात, त्यामुळे ती साध्या बोटीपेक्षा जास्त वाहवते. छत्रीसारखा गोल नांगर तिला धरत नाही. पात्याचा किंवा घडीचा चौकोनी नांगर घ्या आणि दोरी पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा. बांधायचा पुढून. मागून बांधला तर इंजिनाचं वजन आणि लाट एकाच बाजूला येतात.

मांडवीतीर:

गोव्याहून. तुमच्या पॉन्टूनचं वर्णन वाचताना मला आमची सांगड आठवत राहिली. दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, झाली सांगड. कुंभारजुव्याला गणेशोत्सवात सातव्या दिवशी अशाच सांगडींवर देखावे सजवून पाण्यातून मिरवणूक निघते, आणि २९ जूनला सान पेद्रूच्या (संत पीटरच्या) फेस्ताला कांदोळीचे मासेमार होड्या जोडून सांगोड करतात, त्यावर गाणं-वाजवणं होतं. पाऊस असतो, वारा असतो, वर पन्नास माणसं नाचतात आणि सांगड हलत नाही.

माझे आजोबा होड्या जोडायचे. ते सांगायचे की आडव्या वाशांचे दोर सुके असताना आवळू नका, भिजवून आवळा, आणि दर फेरीनंतर हात फिरवून बघा. सांगड मोडते ती होडी फुटून नाही, जोड सैल होऊन. तुमच्या बोटीत दोरांच्या जागी बोल्ट आहेत. ट्यूब आणि चॅनेल जोडणारे कंस कधी तपासलेत का?

काठावरचा:

नाही तपासले. खरंच नाही. उद्या बोट बाहेर निघतेय, प्रत्येक बोल्टला पाना लावून बघतो. आजोबांची आठवण लिहिलीत, आभारी आहे. बाबांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, कृष्णेत पोहायला शिकताना पाठीला सुके भोपळे बांधायचे, त्यालाही सांगडच म्हणायचे.

शिवसागर:

माझं गाव कोयनेच्या पाणलोटात, तापोळ्याच्या बाजूला. मामा बोट चालवतात, फायबरची. पर्यटक वाढलेत, त्यामुळे सपाट पॉन्टूनसारखी बोट घ्यावी असा विचार आहे, वयस्क माणसं आणि लहान मुलं सोप्या पद्धतीनं चढतील म्हणून. ती आमच्याकडे चालेल का?

एक अडचण मला दिसते. पावसाळ्याअखेर शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, काठोकाठ भरतो आणि मेपर्यंत पाणी खूप खाली जातं. आज जिथे धक्का तिथे मेमध्ये चिखलाचा उतार.

आणि जॅकेटबद्दल. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली, सहा जण गेले. तेव्हापासून मामा जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडत नाहीत. काही गिऱ्हाईकं चिडून दुसऱ्या बोटीत जातात. मामा म्हणतात, जाऊ देत.

हुरॉनकाठ:

मामांना माझा नमस्कार सांगा.

पॉन्टून चालेल, पण दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, क्षमता. डेक मोठा दिसतो म्हणून माणसं घ्यायची नाहीत. बनवणाऱ्यानं पाटीवर लिहिलेली माणसं आणि वजन यातलं जे आधी भरेल तिथे थांबायचं. दुसरी, वारा. पॉन्टून शांत पाण्याची बोट आहे. उन्हाळी वळवाचा वारा सुटला की तिच्या छताचं शीड होतं. वारा दिसताच आधी छत घडी करून बांधा, मग किनारा गाठा.

चिखलाच्या उतारावर ती ओढत वर घेऊ नका. ट्यूबच्या बुडाला लांब पट्टी असते, किल. वाळू-खडीवर घासून तीच पातळ होते. पाण्याबरोबर खाली-वर होणारा तरंगता धक्का असेल तर सगळ्यात बरं.

तळेगावकर_टेक्सास:

बैठकांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. व्हाइनिलवरच्या काळ्या बुरशीला ब्लीच लावू नका, शिवणीचा दोरा कुजतो आणि पुढच्या मोसमात बैठक उसवते. साधा साबण, मऊ ब्रश आणि उन्हात पूर्ण वाळवणं. झाकताना आत हवा खेळती ठेवा. तुमच्याकडे हिवाळा मोठा, तर खोक्यांची झाकणं किंचित उघडी ठेवा आणि खाण्याचा कण राहू देऊ नका. उंदीर फोममध्ये घर करतात आणि वायरी कुरतडतात.

रानजाई:

अग्निशामक राहिला. एकदा वापरून टाकून द्यायच्या प्रकारच्या सिलिंडरवर बुडाला किंवा लेबलवर उत्पादनाचं साल असतं. २० एप्रिल २०२२ पासूनच्या नियमानं त्याला बारा वर्षं झाली की तो बाद. जुनी बोट घेणाऱ्यांनी हे आधी बघा, काटा हिरव्यात असला तरी. काठावरचा, तुमची २००६ ची आहे.

काठावरचा:

दोन आठवड्यांनी लिहितोय, पण सगळं करून लिहितोय.

अग्निशामकावर २००५ छापलेलं होतं. बदलला.

बोट बाहेर काढली, सकाळी सहाला ठोकत गेलो. उजवी ट्यूब, मागचा खण, बद्द आवाज. नशिबानं त्या खणाला ड्रेन प्लग आहे. उघडला आणि पाणी वाहायला लागलं ते अर्ध्या तासाच्या वर वाहत होतं, शेवटी शेवटी तपकिरी. खण दोन दिवस उघडा ठेवून वाळवला. मग हातपंपानं दीड पीएसआय हवा आणि मी पाठीवर झोपून साबणाचं पाणी मारत सरकत राहिलो. टोप्यांचे जोड ठीक. पडद्यांचे जोड ठीक. हुरॉनकाठ, तुम्ही शिवसागर यांना किलबद्दल लिहिलंत ते मी आदल्या रात्रीच वाचलं होतं, म्हणून तिथे जास्त वेळ थांबलो. किल आणि ट्यूबच्या वेल्डवर, मागून हातभर अंतरावर, मोहरीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा आला. फुटला. परत आला. आधीचा मालक बोट वाळूवर चढवायचा, त्या जागी किल चाकूच्या पात्यासारखी घासलेली आहे.

आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्याकडे नेली. त्यानं आधी विचारलं, प्लग उघडा आहे ना? बंद ट्यूब तापवली तर आतली हवा फुगून वितळलेल्या धातूतूनच बाहेर येते आणि वेल्ड धरत नाही. घासलेल्या भागावर त्यानं नवीन पट्टीही चढवली. परत दीड पीएसआय, रात्रभर. सकाळी काटा तिथेच होता.

मांडवीतीर, कंसांचे बोल्ट तपासले. चोवीसपैकी पाच हातानं फिरत होते, पाचही मागच्या बाजूचे, इंजिनाजवळचे. एकाचा नटच नव्हता. आता सगळ्यांना नायलॉक (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारे) नट आहेत.

डेकचा प्लाय उचकटला तेव्हा धातूवाला यांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. फाटकाजवळ कधीतरी कोणीतरी ट्रीटेड प्लायचा दोन फुटी तुकडा घातलेला होता. त्याच्याखालच्या चॅनेलवर पांढरी भुकटी, घासून काढली तर खाली नखाच्या टोकाएवढे खड्डे. शेजारच्या चॅनेलवर, जिथे मूळ प्लाय होता, तिथे काहीच नाही. वेल्डर म्हणाला की चॅनेल अजून जाड आहे, चालेल. नवीन मरीन प्लाय आणलाय, कडांना इपॉक्सीचे दोन हात झालेत, वसंतात बसवीन.

गिअर ऑइल स्वच्छ निघालं, मधासारखं. शाफ्टला या वेळीही वीतभर तंगूस होती, पण बाहेरच, सीलला पोचली नव्हती.

धातूवाला:

खड्डे पडलेल्या जागी प्लाय बसवण्याआधी रबराची पातळ पट्टी टाका, म्हणजे तिथे पाणी अडकून राहणार नाही. आणि ती भुकटी पूर्ण घासून, पाण्यानं धुऊन, वाळवूनच. तांब्याचे क्षार मागे राहिले तर नव्या प्लायखालीही काम चालू ठेवतील.

काठावरचा:

टाकतो. बाबा जूनमध्ये येताहेत, त्याआधी बोट पाण्यात असेल. पुढच्या फाटकाला नवी कडी लावलीय, त्यांना बसल्या जागेवरून लागलेली दिसेल अशी.